डावखुऱ्याची गाठ

बाबा, तो पोलंडचा पिक्चर मी परवा पुन्हा पाहिला. पालघरच्या कॉलेजात जुन्या परदेशी चित्रपटांचा तीन दिवसांचा महोत्सव होता. काकांची नात तिथे शिकते, तिने घरी येताना पत्रिका आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मी कुठे फारशी जात नाही हे तिला माहीत आहे, त्यामुळे तिने आग्रहही केला नाही. पत्रिकेवरची नावं वाचून मला काही बोध झाला नाही, कारण त्या पिक्चरचं नाव मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण एका कोपऱ्यात बोटाएवढं चित्र होतं. धुक्यात एक सपाट होडी, होडीत टोपी घातलेला, गाल हातात धरून बसलेला माणूस, आणि वल्ह्याशी एक म्हातारा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि तिला म्हटलं, याला येते मी. ती इतकी चकित झाली की कोणता, हे विचारायचंही विसरली.

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही असताना तशी वेळच आली नाही, मी कधी घरापासून दूर राहिलेच नाही. समोर असताना मी तुम्हाला 'तू' म्हणत असे, आपल्या वस्तीत सगळीच मुलं बापाला तू म्हणत. आता लिहायला बसले तर हात आपोआप 'तुम्ही'कडे वळतो आहे. वळू द्या. त्या पिक्चरबद्दल तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर त्या रविवारपासून सांगावं लागेल.

सहासष्ट साल असावं, किंवा सदुसष्ट. तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं काम जोरात चाललं होतं आणि बोईसर स्टेशनवर रोज नव्या भाषेची माणसं उतरत होती. चिंचणीत बसूनसुद्धा आपल्याला ते कळत असे. आधी मासळी बाजारात फक्त आपलं बोलणं ऐकू येई, मग हळूहळू पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका हिंदीत भाव सांगू लागल्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तुम्ही आणि मी, आणि ओटीच्या भिंतीपलीकडे काकांचं घर. प्रकल्पाच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर हवी असल्याचं मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मी अर्ज केला, मुलाखतीला गेले, आणि त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न नेमके मी पाठ केलेलेच निघाले. नेमणुकीचं पत्र घरी आलं तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. पत्राच्या खाली छापलेलं होतं की उमेदवाराचं वय एकवीस पूर्ण नसेल तर पालकाची सही लागेल. मी एकोणीस वर्षांची होते.

काकांनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हजार परके पुरुष, त्यात गोरे साहेब, आणि पोरीने दिवसभर त्यांच्या कानाशी बोलायचं. शिवाय पोरीला खरंच इंग्रजी येतं, हे कोणी पाहिलं होतं? शाळेतल्या बाई म्हणतात म्हणून येतं? चार दिवसांत त्यांनी परत पाठवली तर वस्तीत तोंड कसं दाखवायचं? हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात लागला, कारण रात्रंदिवस मीही तोच विचार करत होते. मला गाईवर निबंध लिहिता येत होता, अर्जाचा मायना येत होता. पण इंग्रजी बोलणारा जिवंत माणूस मी मुलाखतीत पहिल्यांदा पाहिला. तुम्ही काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणालात, "मी बघतो. बघितल्यावर सही करायची का नाय ते ठरवीन."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर ते बोलायचं म्हणून बोलणं वाटलं असतं. तुमच्या तोंडी सही आणि बघणं हे दोन शब्द वेगळे नव्हतेच. तुम्ही तांडेल होता, होडी चालवणं आणि होडीवरची माणसं सांभाळणं हा तुमचा धंदा. पण किनाऱ्याला प्रेत लागलं की ठाण्यातून माणूस तुमच्याकडे येई. पंच म्हणून उभं राहायला दुसरं कोणी तयार नसे. चौथी शिकलेले असल्याने तुम्ही नुसता अंगठा न लावता वाचून सही करत होता. त्या कामासाठी तुमचा एक काळा कोट होता. लग्नात मिळालेला, काखेत उसवलेला. खुंटीवरून तो निघाला की मला कळे, कोणीतरी बुडालं आहे. एकदा जमादारांनी लिहिलं की मयत दारूच्या अमलाखाली पाण्यात गेला. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "प्रेत मी बघितलं. दारू मी नाय बघितली." जमादार हसले आणि त्यांनी ते वाक्य खोडलं. मग तुम्ही सही केलीत, तारीख घातलीत, आणि नावाखाली एक रेघ ओढलीत. ती रेघ तुम्ही नेहमी ओढत होता.

मलाही या गोष्टीचा प्रसाद मिळाला होता. मी दहा वर्षांची असेन. वाळत घातलेले बोंबील कोणीतरी काठीवरून ओढून नेले, आणि मी सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले की शेजारच्या मुलाला मी नेताना बघितलं. बघितलं नव्हतं, मैत्रिणीने सांगितलं होतं. तुम्ही मला रागावला नाहीत. हात धरून त्यांच्या दारात नेलंत आणि म्हणालात, सांग. मला त्या मुलाच्या आईसमोर म्हणावं लागलं की मी बघितलं नाही, ऐकलं. तिने मला खायला दिलेली चिक्की मी मुठीतच धरून आणली. परत येताना तुम्ही म्हणालात, "ऐकलेलं बोलायला बंदी नाय, बाय. पण ऐकलं म्हणून बोल." पुढे एवढी वर्षं मी लोकांचे आवाज एका कानातून दुसऱ्या कानात पोचवायचं काम केलं, आणि दर दिवशी कधीतरी हे वाक्य आठवलं.

तर त्या आठवड्यात कॉलनीतून एक छापील कागद फिरत फिरत आपल्या वस्तीपर्यंत आला. पाम गावाच्या बाजूला प्रकल्पाची कॉलनी उभी राहत होती. तिथल्या इंजिनिअर लोकांनी क्लब काढला होता, आणि मुंबईहून रिळांच्या पेट्या आणून ते आठवडाभर परदेशी पिक्चर दाखवणार होते. फिल्म फेस्टिवल, असं वर लिहिलं होतं. आजूबाजूच्या गावांनाही आमंत्रण होतं. रविवारी सकाळी पोलंड देशाचा डिटेक्टिव्ह पिक्चर होता. पोलंडचे लोक इंग्रजी बोलत नाहीत, पण खाली इंग्रजीत लिहून येतं, असं मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही जाळं शिवत होता. सुई थांबली. "खाली लिवून येतं? मंग तू वाच आणि मला सांग." असं म्हणून तुम्ही पुन्हा जाळ्यात मान घातलीत. रविवारी सकाळी तुम्ही खुंटीवरचा काळा कोट काढलात. काकांनी ओटीवरून विचारलं, कोण बुडालं? तुम्ही म्हणालात, "अजून कोण नाय."

एस.टी.त तुम्ही खिडकीशी बसलात आणि चिंचणीपासून बोईसरपर्यंत बाहेर बघत होता. मांडीवर भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधलेली होती. मी मनातल्या मनात इंग्रजी शब्द म्हणत होते. खून, पोलीस, पिस्तूल, तुरुंग. एवढ्यावर भागेल असं वाटत होतं.

तो हॉल म्हणजे सिमेंट ठेवायची शेड होती. खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केला होता आणि उन्हाने ताडपत्रीचा वास सुटला होता. पुढे खुर्च्या, मागे बाकं. शंभर-दीडशे माणूस असेल, निम्मे कामगार. क्लब चालवणारे एक बंगाली इंजिनिअर दाराशी उभे होते. त्यांनी तुमचा कोट पाहून तुम्हाला नमस्कार केला आणि पुढे बसवलं. ते तुम्हाला म्हणाले, "दादा, पिक्चर थोड़ा मुश्किल है. हमने दो बार देखा, हमको भी पूरा नहीं समझा." मला तेवढ्यानेही बरं वाटलं होतं. मग दिवे गेले.

बाबा, तुम्हाला ते आठवत असेल असं धरून मी लिहिते आहे. पहिलं चित्र धुक्याचं. नदी समुद्राला मिळते तिथलं एक बंदर, बर्फ पडलेला. गळाने पाण्यातून एक माणूस ओढून काढतात. त्याच्या पायाला दोर आणि दोराला लोखंडाचा तुकडा. टोपीवाला डिटेक्टिव्ह खाली वाकून बघतो. त्याची दाढ दुखत असते, म्हणून पूर्ण पिक्चरभर त्याचा हात गालावर. तो कोणाशीतरी बोलतो, आणि खाली अक्षरं येतात. पांढरी अक्षरं पांढऱ्या बर्फावर. मला पहिली ओळ दिसलीच नाही. दुसरी दिसली तर अर्धी वाचेपर्यंत गेली. तुम्ही माझ्याकडे कान केलात. "काय बोलतो?"

मी म्हटलं, "हा कोण आहे ते विचारतो."

ते बरोबर असण्याची शक्यता होती. पुढचंही काही वेळ मी तसंच, शक्य कोटीतलं सांगत राहिले. मग काळ्या कपड्यांतली एक बाई आली, सिगारेट ओढत. मी सांगितलं ही त्या मेलेल्याची बायको. चष्मा लावलेला एक कारकुनासारखा माणूस आला आणि तिच्याकडे बघून त्याने नजर खाली घातली. मी सांगितलं याचं तिच्यावर मन आहे. एक म्हातारा होता, लोकांना नदीपार नेणारा. त्याच्याशी डिटेक्टिव्ह दोन वेळा बोलला आणि दोन्ही वेळा मला एकही ओळ कळली नाही, म्हणून मी म्हटलं, हा असाच आहे, होडीवाला. अक्षरं भराभर जात होती. मला मिळत होते ते शब्द असे: रात्र, नाही, युद्ध, मुलगा, माफ करा. त्यांची मी मोळी बांधत होते. मध्यंतरापर्यंत एक अख्खी गोष्ट माझ्याजवळ तयार झाली होती आणि पडद्यावरच्या माणसांना मी त्या गोष्टीत ओढत होते. माझा आवाज मात्र ठाम येत होता. मुलाखतीतही तसाच आला होता.

अर्धे कामगार पहिल्या रिळातच उठून गेले. गाणं नाही, मारामारी नाही, माणसं नुसती बोलतात आणि भिंतीकडे बघतात. मग एकदम तो मेलेला माणूस जिवंत होऊन पायऱ्या चढताना दिसला आणि शेडमध्ये हशा झाला. आपल्या मागे एक वेल्डर बसला होता, उत्तरेकडचा. तो मोठ्याने म्हणाला, "अरे, ये तो मर गया था. वापस आ गया?" कोणीतरी त्याला म्हणालं, रीळ उलटं लागलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं, आणि तुम्हाला काय सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते. तुम्ही मात्र मागे वळून त्या वेल्डरला तुमच्या हिंदीत समजावलंत. "ये पहले का बात हाय. मडा पहले मिलता, जबानी पीछे से आता. पंचनामा ऐसाच होता." वेल्डर जरा विचार करून म्हणाला, "हां चाचा, ये बात है." त्यानंतर तो शेवटपर्यंत उठला नाही. बंगाली साहेबांनीही खुर्चीवरून वळून तुमच्याकडे पाहिलं. मला तेव्हा जरा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. इंग्रजी येतं असं मी म्हणत होते, आणि समजत होतं तुम्हाला.

शेवट तुम्हाला आठवेलच. डिटेक्टिव्ह त्या म्हाताऱ्याच्या होडीत बसतो. मधोमध गेल्यावर काहीतरी बोलतो. म्हातारा काहीतरी बोलतो. डिटेक्टिव्ह खिशातून दोराचा तुकडा काढतो, थोडा वेळ हातात धरतो आणि पाण्यात टाकून देतो. होडी धुक्यात जाते. संपलं. दिवे लागले तेव्हा वीस-पंचवीस माणसं उरली होती आणि सगळी एकमेकांना विचारत होती की मारलं कोणी.

तुम्ही मला ते शेडमध्ये विचारलं नाहीत. बोईसर नाक्यावर चहाच्या दुकानात बाकावर बसलो, तुम्ही फडकं सोडलंत, भाकरीचे दोन भाग केलेत, बशीत चहा ओतलात आणि मग विचारलंत.

"मंग? मारला कोणी?"

"चष्मेवाल्यानं."

"असं लिवलं होतं?"

"हो."

तुम्ही चहा प्यायलात. फडक्याला वरून बांधलेली सुतळी तुम्ही बाजूला ठेवली होती, ती उचललीत आणि बाकाच्या कडेला एक गाठ मारलीत. तुम्हाला गाठी वाचता येत होत्या. कोणतं जाळं कोणाच्या हातचं हे तुम्ही लांबून सांगत होता. तशी गाठ मी आधी बघितली नव्हती, ती उलटी वाटत होती. तुम्ही ती मला दाखवलीत. त्या मड्याच्या पायाला ही गाठ होती, म्हणालात. आणि म्हातारा धक्क्याला होडी बांधत होता तेव्हा त्यानेही हीच मारली. ही डावखुऱ्याची गाठ, उजव्या हाताच्या माणसाला ती पटकन येत नाही. मी म्हटलं, चष्मेवाला डावखुरा असेल. "तो कागदावर सही करीत होता तवा उजवा हात होता," तुम्ही म्हणालात. आणि पुढे, "त्या म्हाताऱ्यानं जेवताना दोन वाडगे मांडले होते, तू बघितलंस का? घरात एकटा माणूस. तो कोणाची तरी वाट बघतो." आई गेल्यावर महिनाभर तुम्ही तिचं ताट मांडत होता आणि मग गपचूप उचलून ठेवत होता. ते मला त्या बाकावर आठवलं आणि मी मान खाली घातली.

मला तेव्हा सांगता आलं असतं. बाबा, मी ऐकलं नाही, वाचलंही नाही, रचलं. एवढं वाक्य. पण मग सही नाही, नोकरी नाही, आणि काकांचं म्हणणं खरं. मी चहाच्या पेल्याकडे बघत बसले. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहत होता, हे मला मान वर न करता कळत होतं. मग तुम्ही ती गाठ एका झटक्यात सोडवलीत आणि सुतळी खिशात टाकलीत.

"तू वाचलंस ना? मंग तसंच आसंल."

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ओटीवर काका आणि शेजारची दोघं-तिघं वाट बघत होती, सगळ्यांना पिक्चर ऐकायचा होता. तुम्ही कोट न काढता बसलात आणि सांगायला सुरुवात केलीत. मी आत चुलीशी होते, कान बाहेर. तुम्ही सगळं माझं सांगितलंत. बायको, चष्मेवाला, त्याचं मन, त्याने केलेला खून. दोराचं, वाडग्यांचं, म्हाताऱ्याचं अक्षरही काढलं नाहीत. काकांनी चेष्टेने विचारलं, "हे तू बघितलंस की पोरीनं सांगितलं? पंच म्हणून सही करशील काय याच्याखाली?"

"करतो," तुम्ही म्हणालात. "पोरीला येतं इंग्रजी. आण गं तो कागद."

मी नेमणुकीचं पत्र आणलं. तुम्ही मांडीवर माझी शाळेची पाटी घेतलीत, पाटीवर कागद, आणि सही केलीत. तारीख घातलीत. नावाखाली रेघ ओढलीत. त्या कोटात तुम्ही केलेली सही वस्तीत कोणी मोडत नसे.

रुजू झाले त्या दिवशी सकाळी तुम्हीच डबा भरून दिलात, फडक्यात बांधून, वर सुतळी. दुपारी जेवायला सोडायला गेले तर सुतळीला तीच उलटी गाठ. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी दारात पाय ठेवताच तुम्ही विचारलंत, "गाठ सुटली?" मी म्हटलं, सुटली. तुम्ही हसलात, अगदी थोडं, आणि मी खाटेवर बसून पायांवर पाणी घ्यायचंही विसरून मोठ्याने हसले. आपण दोघं त्यावर पुढे कधी काही बोललो नाही. बोलायचं काही राहिलंही नव्हतं.

नंतरचं तुम्ही पाहिलंतच. पहिले काही आठवडे मी बोर्डावर एकच वाक्य सगळ्या साहेबांना सांगत होते, वन मोमेंट प्लीज, आणि घामाने भिजत होते. शेजारच्या केरळच्या मुलीने मला सांभाळून घेतलं. मी रोज इंग्रजी वर्तमानपत्र घरी आणून मोठ्याने वाचू लागले, तुम्ही जाळं शिवत ऐकत होता आणि मधूनच काय झालं ते विचारत होता. कळलं नाही तर मी कळलं नाही म्हणत होते. त्या एका रविवारानंतर तुम्हाला मी अंदाजाने काही सांगितलं नाही. इंग्रजी मला आलं ते तुमच्या सहीच्या धाकाने. तुम्ही खोट्याखाली रेघ ओढली होती, ते मला खरं करून द्यायचं होतं. मी त्या खुर्चीवरून निवृत्त झाले, बाबा, आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी इंग्रजीत केलेलं भाषण मला शब्दन्‌शब्द समजलं. ते जरा लांबलंच होतं.

परवा पालघरला हॉलमध्ये गारवा होता, खुर्च्या मऊ होत्या, आणि खालची अक्षरं आता पिवळी, ठसठशीत येतात. एक ओळ सुटली नाही. ती काळ्या कपड्यांतली बाई त्या मेलेल्याची बायको नाही, बहीण आहे. चष्मेवाला तिच्याकडे बघून नजर खाली घालतो, कारण त्याने तिच्याकडून पूर्वी पुस्तकं नेलेली असतात आणि ती हरवलेली असतात. मला हसू आवरेना, शेजारी बसलेली काकांची नात माझ्याकडे बघू लागली. गळाने त्या माणसाला बाहेर काढलं तेव्हा मी पुढे वाकून दोर पाहिला. नंतर म्हातारा धक्क्याला होडी बांधतो तिथेही पाहिलं. आणि दोन वाडगेही, जेमतेम एक क्षण दिसतात. तुम्ही ते कसे टिपलेत कोण जाणे, एका कानात माझी बडबड चालू असताना.

होडीत शेवटी डिटेक्टिव्ह म्हाताऱ्याला म्हणतो, तू डाव्या हाताने बांधतोस. म्हातारा म्हणतो, ही गाठ माझ्या मुलाला मीच शिकवली होती. त्याला घेऊन गेले तेव्हा मी दाराशी हीच बांधत बसलो होतो. एवढंच बोलणं. युद्धात त्याचा मुलगा त्या मेलेल्या माणसाने शत्रूला धरून दिलेला असतो, हे आधी एका ओळीत येऊन गेलेलं असतं. मग तो दोराचा तुकडा पाण्यात जातो. डिटेक्टिव्हने पाहिलेलं असतं, आणि तो सही करत नाही. तुम्ही पाहिलं नव्हतंत, आणि सही केलीत. दिवे लागेपर्यंत मी तशीच बसून होते. वाईट वाटत नव्हतं. उलट कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्या मुलीने विचारलं, तिला मधे कोणीतरी कामाला बोलावलं होतं, शेवट हुकला. "आत्या, कोणी मारलं शेवटी?" मी म्हटलं, होडीवाल्या म्हाताऱ्याने. ती म्हणाली, असं दाखवलं? मी म्हटलं, माझ्या बाबांनी मला ते खूप आधी सांगितलं होतं. ती पुढे काही विचारणार होती, पण बस आली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा इथेच एक सांगून टाकते. त्या पहिल्या दिवशी ती गाठ मला सुटली नव्हती. मी नखांनी प्रयत्न केला, दातांनी केला, शेवटी केरळच्या मुलीकडून कात्री मागून कापली आणि सुतळीचे तुकडे खिडकीतून टाकून दिले. संध्याकाळी तुमच्या हातात मी सुतळी नसलेलं फडकं दिलं. तुम्ही ते उलटून पाहिलंत, घडी घातलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या सुतळीला साधी गाठ मारू लागलात.